काळी व्ही, बहात्तर हजार आणि आजीची एफडी

"काका, वय २५. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत कंत्राटावर सपोर्ट इंजिनिअर आहे. हातात ३४,००० येतात. घरी ८,००० देतो, बाइकचा हप्ता ३,२००, त्याचे १४ हप्ते बाकी. महिनाअखेर साडेसात हजार उरतात. खात्यात ६२,००० आहेत, आणि आजीने माझ्यासाठी केलेली ५०,००० ची एफडी सात महिन्यांनी मॅच्युअर होते. आमचा चौघांचा मेटल बँड आहे. दर रविवारी प्रॅक्टिस करतो. काही गाणी स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये वाजवतो, काही ड्रॉप सीमध्ये, म्हणजे तारा खाली उतरवून. गेल्या वर्षी दोन कार्यक्रम झाले, दर कार्यक्रमाचे माझ्या वाट्याला पाचशे आले. सध्या मित्राची गिटार वाजवतोय. तो नोकरीला पुण्यात आहे, दिवाळीत आला की घेऊन जाईल. घरचा ॲम्प १० वॅटचा, स्पीकर फाटलेला. माझ्या मनात एक काळी, लाल कडांची व्ही आकाराची गिटार भरली आहे: ७२,०००, फ्लॉइड रोझ ब्रिज (तारा जिथे बसतात तो भाग, तरंगता), ॲक्टिव्ह पिकअप (तारेचं कंपन पकडणारा भाग, बॅटरीवर चालणारा). त्याच दुकानात साध्या आकाराची एक ३८,००० ला आहे, दोन हंबकर (भुणभुण न करणारे पिकअप), फिक्स्ड ब्रिज. बँडवाले म्हणतात, आवाज बघ. पण ती साधी घेऊन स्टेजवर उभा राहिलो तर लग्नातला ऑर्केस्ट्रावाला वाटेन. एफडी मोडू, की बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ? शेवटी ही गुंतवणूकच ना? बाबा या विषयावर बोलत नाहीत. आजीने फोटो बघून विचारलं, ही वाजवायची की त्रिशूळ म्हणून पुजायची? – रामबागकर (नाव छापू नका)"

चि. रामबागकर,

आधी तो 'गुंतवणूक' शब्द तुझ्या पत्रातून खोडू. कार्यक्रमाला पाचशे, वर्षाला दोन कार्यक्रम. या हिशेबाने ७२,००० वसूल व्हायला १४४ कार्यक्रम लागतील, म्हणजे ७२ वर्षं. वयाच्या ९७व्या वर्षी तू नफ्यात येशील.

हा खर्च आहे, आणि माझ्या मते चांगला खर्च आहे. पंचविशीतला मुलगा रविवारची दुपार तीन मित्रांबरोबर वाजवण्यात घालवतो, यात कुठल्याही सल्लागाराने नाक मुरडण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच की खर्चाला गुंतवणूक म्हटलं की त्याला मर्यादा घालायचं आपण विसरतो. फ्लॅटच्या बाबतीत मोठमोठी माणसं विसरतात, तू तर गिटार घ्यायला निघालायस.

मी एसआयपी-विमावाला माणूस गिटारीत कशाला तोंड घालतो, असं वाटेल. आमच्या गच्चीवरच्या खोलीत माझा मुलगा नऊ वर्षं हेच वाजवतोय. हंबकर, गेन, ड्रॉप सी हे शब्द मी जेवताना ऐकत आलोय. तुझं पत्र आलं तसं मी त्यालाच घेऊन शहरातल्या एका दुकानात गेलो आणि तुझ्या पत्रातल्यासारख्या दोन गिटारी काढायला लावल्या.

मी गिटारींकडे पाठ करून स्टुलावर बसलो. मुलाने एकाच मोठ्या ॲम्पमधून, एकाच सेटिंगवर, तोच रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा, आलटून पालटून आठ वेळा वाजवला. व्ही कुठली ते मी चारदा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच जमलं असतं. मुलगा म्हणाला, फरक आहे, व्हीचा आवाज जरा आवळलेला येतो, ॲक्टिव्ह पिकअपचा गुण. त्याचे कान माझ्यापेक्षा तरुण आहेत, मी मान्य केलं. मग त्याने तीच साधी गिटार तुझ्यासारख्या १० वॅटच्या बारक्या ॲम्पला लावली. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा आवाज आला. हा फरक तुझ्या आजीही स्वयंपाकघरातून ओळखतील.

तेव्हा तुझे मित्र 'आवाज बघ' म्हणतात ते बरोबर, फक्त बघायचा तो ॲम्पमध्ये. त्या ॲम्पचा तू पत्रात जेमतेम एका ओळीत उल्लेख केलायस आणि हिशेबात तर धरलेलाच नाहीस.

मेटलसाठी खुद्द गिटारीकडून लागतं ते मोजकंच. पहिली गोष्ट हंबकर. साध्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये तारेचं कंपन येतं, तशीच घरातल्या विजेची ५० हर्ट्झची भुणभुणही येते. सौम्य गाण्यात ती खपून जाते. मेटलमध्ये गेन, म्हणजे आवाज फाटेपर्यंत सिग्नल वाढवणं, इतका चढवलेला असतो की दोन ठोक्यांमधल्या जागेत नुसती भुणभुणच ऐकू येते, आणि रिफची सगळी ताकद तर त्या मोकळ्या जागेत असते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यावर तोड काढली. त्याने दोन कॉइल शेजारीशेजारी बसवल्या, एकीचे वेढे उलटे घेतले आणि तिच्या चुंबकाची दिशाही उलटी ठेवली. बाहेरून आलेली भुणभुण दोन्हींत एकमेकींविरुद्ध पडून विरते आणि तारेच्या आवाजाची मात्र बेरीज होते. तुझ्या ३८,००० वालीत असे दोन आहेत, म्हणजे हा प्रश्न मिटला. दुसरी गोष्ट तारांचा ताण. ड्रॉप सीमध्ये जाड तार ईवरून सीपर्यंत उतरली की लुळी पडते. त्यासाठी साडेपंचवीस इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी) आणि ११-५४ सारखा (हे आकडे तारांच्या जाडीचे) जाड तारांचा सेट असला की काम भागतं. स्केल दुकानात टेप लावून मोजून घे, नटापासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतच्या (मानेवरची आडवी पट्टी) अंतराची दुप्पट. लाकडाबद्दल लोक रात्ररात्र भांडतात. एवढ्या गेनमध्ये लाकडासाठी जादा पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

आता दिसण्याकडे येऊ, कारण तुझा खरा जीव तिथे अडकलाय.

ज्या व्हीला तू मेटलचा आकार समजतोस, ती गिब्सनने १९५८ मध्ये बाजारात आणली तेव्हा मेटल जन्माला यायचं होतं. गिटारी जुनाट दिसतात असं लोक म्हणू नयेत म्हणून तो आकार काढला होता, आणि तो चाललाच नाही. पहिल्या खेपेला शंभरही विकल्या गेल्या नाहीत. पुढे वाजवणाऱ्यांनी तिला गळ्यात घातलं, तेव्हा कुठे तिला रुबाब आला. उलट, ज्याच्या रिफपासून हेवी मेटलचा जन्म मानतात तो ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी बघ. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या, पुढे ट्यूनिंगही खाली उतरवलं. हातात होती एसजी, दोन छोट्या शिंगांची. आयर्न मेडनचा डेव्ह मरे तर आयुष्यभर मुख्यतः स्ट्रॅटोकास्टर वाजवत आलाय, म्हणजे आकाराने पाहिलं तर तुझी ऑर्केस्ट्रावाल्याची गिटार. २००७ मध्ये हा बँड बंगळुरूला आला तेव्हा त्याला ऑर्केस्ट्रावाला म्हणायची कुणाची छाती झाली नसेल. एवढं लांब कशाला, आपल्या इंदुरातच २००६ मध्ये निकोटिन हा मेटल बँड उभा राहिला आणि गायला होते दिग्विजय भोसले. बाबांनी तोंड उघडलं तर ही माहिती कामी येईल: इंदूरच्या मराठी घराला मेटल अगदीच परकं नाही.

तरीही 'दिसण्यावर जाऊ नकोस' हे वाक्य मी तुला लिहिणार नाही. आमच्या आतेभावाने एकदा भजनासाठी पेटी घेतली होती. नुसती नक्षी बघून. समोरच्या पट्टीवर मोर कोरलेले, बटणं हस्तिदंती रंगाची. भाता पहिल्याच वर्षी गळायला लागला, आणि वजन एवढं की गणपतीत दुसऱ्या मजल्यावर चढवायला दोघे लागायचे. घरात सगळ्यांनी त्याला नावं ठेवली, मीही ठेवली. पण तो रोज वाजवायला बसायचा, हे मला कबूल करावं लागतं. माझी चांगल्या सुरांची, साध्या लाकडाची पेटी खोळीत पडून असायची. वाद्य दिसल्यावर हात शिवशिवणं याचीही काही किंमत असते, आणि ती मोजायला माझ्याकडे कॅल्क्युलेटर नाही.

ती किंमत किती द्यायची, एवढंच ठरवता येतं. आणि व्हीची किंमत ७२,००० वर थांबत नाही. दुकानात मुलगा बसून वाजवायला लागला तर ती मांडीवरून घसरायला लागली. १९५८ च्या व्हीला कडेला रबराची खरबरीत पट्टी लावलेली असायची, ती याचसाठी. खालचं पातं दोन मांड्यांच्या मध्ये घेऊन बसलं तर जमतं, पण घरी पलंगावर बसून रोज दोन तास सराव करणाऱ्याने हे आधी करून बघावं. नेहमीच्या गिटारीच्या बॅगेत ती मावत नाही. तिची वेगळी केस आम्हाला ८,००० ला सांगितली. बाइकवर ती पाठीला लावून रविवारी राजवाड्याच्या गर्दीतून जाऊन बघ एकदा.

मग फ्लॉइड रोझ. हा ब्रिज एका बाजूला तारांच्या ताणावर आणि दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगांवर तराजूसारखा तरंगत असतो. एक तार तुटली की तोल जातो आणि बाकीच्या पाचही बेसूर होतात. ट्यूनिंग बदलायचं तर लॉकिंग नट ढिला करा, स्प्रिंगा जुळवा, पुन्हा सगळं लावा. तुम्ही एका कार्यक्रमात स्टँडर्डही वाजवता आणि ड्रॉप सीही. प्रेक्षक तेवढ्या वेळात पोहे खाऊन येतील. म्हणजे तुला दुसरी गिटार लागणार, किंवा अर्धी गाणी सोडावी लागणार. फिक्स्ड ब्रिजवर हेच काम खुंट्या फिरवून मिनिटाभरात होतं. व्हॅमी बारवर (ब्रिजच्या दांडीवर) सूर आरोळीसारखा वर-खाली करणं ही तुझी शैली असती तर मी वेगळं बोललो असतो, पण पत्रात तसं काही नाही. ॲक्टिव्ह पिकअपला ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल खोचलेली राहिली तर ती उतरते. हे मात्र किरकोळ.

बेरीज करू. व्ही ७२,०००, केस ८,०००, ऐकवेल असा ॲम्प २२,०००. झाले १,०२,०००. एफडी धरून तुझ्याकडे १,१२,००० आहेत. खिशात दहा हजार ठेवून, कंत्राटाच्या नोकरीवर, बाइकचे १४ हप्ते बाकी असताना तू मेटल वाजवणार. आवाज नक्कीच आर्त येईल.

ईएमआयचं गणित थोडं सावकाश बघ, कारण 'नो-कॉस्ट' या शब्दाने माझे निम्मे वाचक फसतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. प्रत्यक्षात होतं असं. तुझा हप्ता ६,००० चा, बारा महिने, एकूण ७२,०००. बँकेचा दर १५ टक्के धरला तर बँक कर्ज देते साधारण ६६,४७६ रुपयांचं. वरचे ५,५२४ हे तिचं व्याज, आणि तेवढीच रक्कम सवलत म्हणून दाखवलेली असते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुझ्याकडून, म्हणजे जवळपास हजार रुपये. प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय ती सवलत कुणाच्या तरी खिशातून जातेच, म्हणून दुकानदाराला सरळ विचार: ईएमआय नको, आजच पूर्ण पैसे देतो, काय कमी करता? बहुतेक वेळा काहीतरी सुटतं. पण पैशांपेक्षा मला खुपतं ते वेगळंच. तुझ्या साडेसात हजारांतून सहा गेले की दीड हजार उरतात. वर्षभर. मधे बाइकचा टायर गेला की क्रेडिट कार्ड बाहेर येतं, आणि तिथे व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं.

एफडी मोडणं स्वस्त आहे, हे खरं. दंड साधारण अर्धा ते एक टक्का, रुपयांत काही शेकडेच. गरज पडली तर न मोडताही त्याच एफडीवर कर्ज मिळतं, रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंत, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त देऊन. कुठल्याही ईएमआयपेक्षा ते परवडतं. फक्त पावती काढून बघ, नाव एकट्या तुझं आहे की आजींबरोबर जोडीचं. मी मात्र तिला गिटारीसाठी हात लावू देणार नाही. तुझा अगदी टाळता न येणारा महिन्याचा खर्च, म्हणजे घरी देतोस ते, हप्ता, पेट्रोल, फोन, जेवणखाण, मी २०,००० धरतो. कंत्राटाचं नूतनीकरण झालं नाही तर चार महिने तरी तग धरता आला पाहिजे, म्हणजे ८०,०००. आजींची एफडी हा त्यातला मोठा वाटा आहे. (पगारातून घरचे आणि हप्ता वजा केले तर तुझ्याकडे २२,८०० उरतात आणि शिल्लक दाखवतोस साडेसात. मधले पंधरा हजार कुठे जातात ते पत्रात नाही. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीला ठाऊक असावं. तो विषय पुन्हा कधीतरी.)

तर असं कर. या महिन्यात ॲम्प घे, गिटार नको. ५० वॅटच्या आसपासचा मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पचे आवाज काढणारा), बारा इंची स्पीकर आणि हेडफोनचं भोक असलेला. रामबागेत भिंतीला भिंत लागून घरं आहेत, हेडफोन नसेल तर शेजारी बाबांशी बोलतील आणि मग बाबाही बोलायला लागतील. दुकानात जाताना मित्राचीच गिटार घेऊन जा आणि तिच्यावरच ऐक, तिथली भारी गिटार लावून ऐकू नकोस. २२,००० गेले, खात्यात ४०,००० राहिले. दिवाळीपर्यंत चार महिने हातात आहेत. तेवढ्यात ३०,००० जमतात, म्हणजे ७०,०००. मग ३८,००० ची गिटार घेतलीस तरी ३२,००० उरतात, आणि एफडी धरून ८२,०००. चार महिन्यांचा दम शाबूत, हप्ता एकही नाही. सेटअपचे आणि तारांचे दीड-दोन हजार निघाले तर ते त्या पंधरा हजारांतून काढ.

राहिला रुबाब. त्याला मी तुझ्या एका महिन्याची शिल्लक मंजूर करतो: साडेसात हजार. म्हणजे दिवाळीच्या सुमारास काळी, टोकदार, हवं तर व्हीच, पण फिक्स्ड ब्रिजची आणि दोन हंबकरांची, केससकट ४५,५०० च्या आत मिळाली, तर डोळे मिटून घे. नवीन मिळाली नाही तर वापरलेली बघ. अशा आकाराच्या गिटारी आवडीने घेतल्या जातात आणि वर्षभरात कंटाळून विकायला निघतात. विकायला गेलं तर गिऱ्हाईक कमी, म्हणून घेणाऱ्याला भाव बरा पडतो. तू ७२,००० देऊन घेतली असतीस तर दोन वर्षांनी हाच नियम तुझ्या अंगावर आला असता. वापरलेली घेताना मान डोळ्यांसमोर धरून बाक किती आहे ते बघ, प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून बघ, हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) जिथे मानेला जुळतो तिथे बोट फिरवून चीर लागते का ते बघ. आणि स्टुलावर बसून पंधरा मिनिटं वाजव. घसरली तर परत ठेव.

साधीच घेतलीस आणि तरी स्टेजवर फिकी वाटली, तर काळी पिकगार्ड आणि लाल पट्टा हजाराच्या आसपास येतो. आमच्या चिरंजीवांनी हेच केलंय. मला पट्टा भडक वाटतो, पण माझं मत त्याने विचारलेलं नाही.

आजींना ॲम्प आल्यावर खोलीत बोलवून एक रिफ ऐकव, हळू आवाजात. आणि मित्राची गिटार परत करताना तिच्यावर नव्या तारा चढव. ड्रॉप सीसाठी लावलेल्या जाड तारा तशाच ठेवून देऊ नकोस, तो पुण्यात काय वाजवतो ते आधी विचार.